सहावं नाक

अंड्याच्या ट्रेमध्ये आठ टॅपेट,
प्रत्येक खड्ड्याशी खडूनं आकडा.
"ज्याची जागा त्याला," मैनोद्दीन मिस्त्री म्हणतो,
"इतकी वर्षं एकाच नाकाशी घासलंय,
दुसऱ्याशी जमायचं नाही त्याचं."

कॅमशाफ्ट पोत्यावर आडवा.
बोट फिरवलं की टेकाड, टेकाड,
आणि सहाव्या नाकावर माळ.
म्हणजे जळकोटच्या चढाला जीप दम टाकायची
ती माणसं जास्त झाली म्हणून नव्हे.
मी उगाच त्या हंडेवाल्या बाईला
दोन सीटचे पैसे लावले.

एका टॅपेटची कड दुसऱ्याच्या तळाला लावून
मिस्त्री दारातल्या उन्हात धरतो.
मधोमध उजेडाची रेघ.
"पोटात गेलाय तळ. आता नवे घे, आठच्या आठ.
झिजका टॅपेट नव्या कॅमला
महिन्यात खाऊन टाकील."
सळ्या काचेवर लोळवतो.
तिसरी लंगडते.

कॅम तीन आहेत समोर.
एक भंगारातला, भरून घासलेला, निम्म्या किमतीत.
एक नांदेडहून, कंपनीचा, तेलकट कागदात.
तिसरा भाच्यानं पुण्याहून आणलाय,
उंच नाकाचा, व्हॉल्व्ह लवकर उघडणारा, उशिरा मिटणारा.
"मामा, साठच्या पुढं बघ मग हिला!"

मिस्त्री भावाचं बोलतच नाही.
हाळीच्या बाजारात जाणता माणूस
बैलाचे दात बघायच्या आधी
जमीन कसली म्हणून विचारतो, तसं विचारतो :
"राचप्पा, पळायचंय का वढायचंय?
दोन्ही कुठं मिळुलालंय एका नाकात?"

आत अकरा, मागं लटकलेले दोन,
दुधाचे कॅन, लग्नाची भांडी,
एकदा आख्खा बँड, ढोलासकट.
खडीचा रस्ता, दुसरा गिअर.
साठ कुठं येतो माझ्या वाटेला?

येतो. खोटं कशाला बोलू.
रात्री शेवटची फेरी सोडून परतताना,
मागं कुणी नसतं, चांदणं असतं,
तोंडारपासून सरळ काळी पट्टी,
तेव्हा पाय आपोआप दाबला जातो
आणि ही नुसती ओरडते, जागची हलत नाही.
आठवड्यातून तीनदा. सात-आठ मिनिटं.

"नांदेडचा घाल," मी म्हणतो.
भाचा मोबाइलमध्ये तोंड घालतो.

रात्री आठला बसवून झालं सगळं.
पत्ती घालून फटी मापल्या,
ना घट्ट, ना सैल, जरा अडून सरकेल अशा.
"आता वीस मिनिटं हिला मंद होऊ द्यायचं नाही.
नवं नाक, नवा तळ, आत्ताच ओळख होऊलाली.
पाय काढू नको."

मी पाय काढत नाही.
गॅरेजभर धूर, पत्रे थरथरतात.
पुण्याचा कॅम पुन्हा कागदात जातो
आणि सीटखाली का ठेवला त्याला
ते मिस्त्री विचारत नाही.