नगण्य

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायचा होता.
गायधनी मॅडमनी फळ्यावर तीन विषय लिहिले :
द्राक्षांच्या पेटीचं थंड होणं,
स्टँडवरच्या रांगा,
गोदेचा पूर.
देवराम गावितनं रांगा घेतल्या.
सुरगाण्याची एसटी कधीच वेळेवर सीबीएसला शिरत नाही,
त्याला त्याचा सूड घ्यायचा होता.
मी पूर घेतला.
भांडी बाजारातली ना तू, तांबटांची? मॅडम म्हणाल्या,
मग तुला सोपं जाईल.

नाही गेलं.
पहिलं वर्ष सगळं एप्सिलॉनमध्ये सरलेलं.
कितीही लहान घ्या, त्याहून लहान काहीतरी उरतंच,
हे वर्गात कळलं तेव्हा मला हसू आलं होतं;
हंड्याच्या गळ्याशी बसून एकेक ठोका देत
बाबा याच कारणानं जेवण थंड करायचे.

आता एकदम धरण.
गंगापूरच्या दरवाज्यांतून सुटलेले क्युसेक,
आनंदवल्ली, घारपुरे घाट, होळकर पूल,
पात्राचा उतार, काठाच्या काँक्रीटचा खरखरीतपणा,
आणि शेवटी एक चल, पाण्याची उंची.
मीटरमध्ये, मॅडम म्हणाल्या.
नाशकात ती मीटरमध्ये मोजतं कोण?
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला.
छातीला लागलं की सराफांची शटरं खाली,
गळ्याशी आलं की भांडी बाजार माळ्यावर.
मे महिन्यात टेप घेऊन मी मारुतीसमोर उभी राहिले
तेव्हा एका गुरुजींनी विचारलं,
सदरा शिवताय का त्याला?

मॉडेल सुंदर झालं होतं. हे मी आजही म्हणेन.
गृहीतकं पाच. पाचवं :
लहान नाले नगण्य मानू.
हे वाक्य इतकं सवयीचं असतं
की लिहिताना पेन थांबत नाही.

ऑगस्टात एका दुपारी मेसेज आला, विसर्ग वाढवला.
मी लॅपटॉपवर चालवून पाहिलं. सव्वाचारला गळा.
बाबांना फोन केला : अजून अडीच तास आहेत, सावकाश आवरा.
फोनमध्ये मागे पितळेचा आवाज,
घागरी एकात एक बसून वर चाललेल्या.
पाणी पायरीवर आहे, ते म्हणाले.
पण धरणाचं अजून पोचलंच नाही!
धरणाचं नाही गं. मागून आलंय. सरस्वती.

सरस्वती नाला.
नदी जरा फुगली की त्याचं तोंड बुजतं,
मग तो उलटा, बोळाबोळानं, सराफांच्या दारावरून
आपला आपला चालत येतो.
शेंबड्या पोरालाही माहीत.
मी त्याला पाचव्या ओळीत
बिनबोभाट शून्य केलं होतं.
विद्यापीठात बसून सरस्वतीच नगण्य धरलीस होय,
देवराम म्हणाला, आणि बराच वेळ हसत राहिला.

रात्री चिखल उपसताना बाबांनी भिंतीवर बॅटरी धरली.
खिळ्यानं ओढलेल्या रेघा, शेजारी साल :
सगळ्यात वर आजोबांची, एकोणसत्तरची,
खाली आठ, सोळा, एकोणीस.
त्याच भिंतीला टेकून मी पाढे पाठ केले होते.
तुझं गणित कुठवर म्हणत होतं?
मी हात ठेवला.
त्यांनी आधी पाण्याची रेघ ओढली, मग माझी.
मध्ये चार बोटं.
वाईट नाही, ते म्हणाले,
आणि तळाच्या फळीवरची तपेली मोजू लागले,
त्या चार बोटांत बुडालेली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते.
जुन्या पुरांची ही आकडेवारी कुठली?
दुकानाच्या भिंतीची, सर.
चष्मा काढून त्यांनी पुसला. मग म्हणाले,
संदर्भसूचीत कशी लिहिणार?

लिहिली :
तांबट, मुकुंद. पूर्वेची भिंत, भांडी बाजार, नाशिक. अप्रकाशित.
सर्वांत खालची रेघ प्रस्तुत विद्यार्थिनीची.
चूक तशीच ठेवली आहे.