चाळीस मिनिटं

पहिल्याच दिवशी त्सियाला सिस्टरने बजावलं:
निळ्या कापडाला हात लावायचा नाही.
चक्कर आली तर मागे पडायचं, पुढे नाही.
बाकी, तू इथे नाहीसच.

झुगदीदीच्या या इस्पितळात
तीन आठवडे मी नाहीच आहे.
डॉक्टर नेस्तान कोबालियांच्या डाव्या खांद्यामागे
लाकडी पाटावर उभी असते, उंची कमी म्हणून.
वरच्या दिव्याची सावली पडत नाही,
तो बनवलेलाच असतो तसा.
खोलीत सावली म्हणून तेवढी मी.

आज टेबलावर ओतिया.
वय एकसष्ट, हेझलनटच्या बागा,
बोटांवर टरफलांचे डाग, साबणाला न जुमानणारे.
मास्क लावण्याआधी त्याने विचारलं, किती वेळ?
कोणाचेच हात मोकळे नव्हते,
म्हणून मी बोलले: चार तास.
'चार तासांत मी झाडांची एक आख्खी ओळ छाटतो,'
तो म्हणाला,
आणि ओळीच्या सुरुवातीलाच झोपला.

पुस्तकात प्रत्येक अवयवाला वेगळा रंग असतो.
इथे सगळे एकाच घरातले, ओले, एकमेकांना चिकटून.
डॉक्टरांचा हात मनगटापर्यंत आत गेला,
अंधारात फळीवरची किल्ली चाचपावी तसा,
आणि थांबला.
डोळे घड्याळाकडे नव्हते, पोटाकडेही नव्हते.
मग त्यांनी खांदा जरासा सरकवला.
मला दिसावं म्हणून.

यकृतावर, आतड्यांवर, पडद्यावर
मक्याच्या कण्या सांडाव्यात तसे
पांढरे दाणे.

गुरामीने रेडिओ बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं.
'टाके,' डॉक्टर म्हणाल्या.
त्सियालाच्या हातात दोरा आधीच तयार होता.

ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं हात धुवायचे, असा नियम आहे.
नंतरचा नियम नाही.
नंतर त्या कितीतरी वेळ धूत राहिल्या.

बाहेर एतेरी. मांडीवर फडक्यात बांधलेला पाव,
संध्याकाळी त्याला भूक लागेल म्हणून.
आम्हाला पाहून ती उठली, उजळली:
'झालंसुद्धा? इतक्या लवकर?
देवा, तुझे उपकार!'
आणि माझ्याकडे बघून हसली,
मीही हसावं म्हणून थांबली.
माझ्या तोंडावर अजून मास्क होता.
काढायला विसरले होते,
की विसरले नव्हते, नक्की आठवत नाही.

डॉक्टर आधी बाकावर बसल्या.
एतेरीला बसावंच लागलं.
मग त्या बोलल्या, मेग्रेलीत, घरच्या भाषेत,
जी मला अर्धीच कळते.
अर्धीच पुरली.

खिडकी माझ्या पाठीशी होती.
माझी सावली बरोबर एतेरीच्या चेहऱ्यावर पडली होती.
मी बाजूला सरकले.
तीन आठवड्यांत
माझ्या हातून झालेलं हे एवढंच काम.

वॉर्डात ओतियाने डोळे उघडले.
त्याच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे,
ते तिथे कोणी लावलं कोण जाणे.
नऊला झोपलेला माणूस,
आता सव्वादहा.
तो काट्यांकडे बघत राहिला,
झाडं मोजावीत तसा, सावकाश,
न चुकता.
मग त्याने मान वळवली. माझ्याकडे.

डॉक्टर पुढच्या ऑपरेशनला गेल्या होत्या.
त्यांच्या मागे मला जायचं होतं.

मी स्टूल ओढलं.
बसले.