खाकी कागदावर आठ सेमिस्टर

आईनं ब्लाउज बेतायचा खाकी कागद दिला.
कडेला अजून कुणाच्या तरी बाहीची खूण,
खडूनं लिहिलेलं : बत्तीस, सैल.
त्यावरच मी आठ रकाने आखले,
बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत, पंखा दोनवर.
कागद उडू नये म्हणून कोपऱ्यांवर कात्री, गार इस्त्री,
बारावीचं जीवशास्त्र
आणि सुहृदचा पाय, जो दर पाच मिनिटांनी निघून जायचा.

पहिल्या रकान्यात पेशी. ती सगळ्यांच्याच असते.
मग शर्करा, स्निग्धं, प्रथिनं.
एन्झाइमांसाठी वेगळी पेन्सिल आणली, हिरवी.
हाच विषय का, असं कुणी विचारलं
तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन.
एरवी ज्याला वर्षानुवर्षं लागली असती
ते एका श्वासात उरकायचं
आणि स्वतः होतं तसं उरायचं,
लग्नघरात दिवसभर राबून निघालेल्या बाईसारखं,
साडीला एक डाग नाही.

क्रेडिट हवीत बावीस.
बेरीज येते एकवीस, नाहीतर तेवीस.
मंगळवारचं प्रात्यक्षिक आणि मंगळवारचा जर्मनचा तास
एकाच खुर्चीवर बसायला निघालेले दोन पाहुणे,
दोघंही उठायला तयार नाहीत.

गणित मी आठव्या रकान्यात ढकललं,
तळाशी, बारीक अक्षरात.
अकरावीला बी ग्रुप घेतला तेव्हा वाटलं होतं, सुटले.
दोन वर्षं झुरळाच्या आकृत्या काढल्या, मिशांसकट,
आणि कुणी एकदाही विचारलं नाही
की अमुक गोष्ट किती वेगानं बदलते आहे.

फतेगंजला भूपतभाईंच्या झेरॉक्सवर कागद मावेना.
त्यांनी घडी घातली, काच पुसली,
आणि मशीनचं झाकण हातात धरून
उलट्या बाजूनं वाचत राहिले.
"बेन, आ छेल्ले केम राख्युं?"
बोट गणितावर.
मग तेच बोट बाणांवरून मागे मागे नेलं :
चयापचय कशावर अडलंय? एन्झाइमांच्या वेगावर.
वेग कशावर? भौतिक रसायनावर.
आणि ते?
नळाला पाणी नाही म्हणून
एकेक जिना चढत गच्चीवरच्या टाकीपर्यंत जावं, तसं.
मागे चार माणसं आधारकार्डं घेऊन उभी.

सगळ्यात संथ पायरी साऱ्या साखळीचा वेग ठरवते,
हे माझ्याच वहीत पहिल्या पानावर आहे.
चौकटीत. लाल शाईत.
परीक्षेत आलं असतं तर मार्क मिळाले असते.

खाकी कागदावर रबर चालत नाही,
लव निघते, भोक पडायला येतं.
तरी खोडलं. गणित पहिल्या रकान्यात आणलं,
आणि धक्का शेवटपर्यंत गेला :
प्रतिकारशास्त्र सहाव्यात, जर्मन गेलं,
मातीतले जीवाणू, ज्यांच्यासाठी मी
मकरपुऱ्याच्या रोपवाटिकेतून डबाभर माती आणून ठेवली होती,
ते कागदाबाहेर पडले.
डबा अजून खिडकीत आहे.

आईनं मशीनवरून मान वर केली.
"दाब ठेवलास का?"
"कसला?"
"बेतताना अर्धा इंच जास्तीचा. अंग वाढतं.
शिवाय गिऱ्हाईक माप खोटं सांगतं."
कोण गिऱ्हाईक, ते मी विचारलं नाही.
पाचव्यातली चार क्रेडिट रिकामी सोडली.

उद्या झवेरी मॅडम सही करायच्या आधी
नेमकं तेवढंच विचारतील,
आणि मला उत्तर येणार नाही.

सोमवारी सातला, शटर अर्धं वर करून
भूपतभाई लिमिटपासून सुरुवात करणार आहेत.
गणितात दोन वर्षं काढली होती म्हणे त्यांनी,
मग वडिलांची टपरी, मग हे मशीन.
फी विचारली तर म्हणाले,
आधी झेरॉक्सचे बावीस रुपये दे.