चाळीस पावलं

निवडणूक उरकली, की बंदूक घरी येते.
खानापूरच्या ठाण्यात दोन महिने भिंतीला टेकून
तिच्या दस्त्याला ओल चढलेली.
घोड्याच्या कडीला सुतानं बांधलेली चिठ्ठी,
चिठ्ठीवर भरमाण्णाकाकाचं नाव कानडीत,
आणि हवालदाराचा तोच प्रश्न, दर खेपेला:
कशाला पाहिजे ओ तुम्हाला?
डुक्करं येतात, साहेब. रताळी उकरतात.
परवान्यात तसंच लिहिलंय. पीक संरक्षण.

कौलाच्या कारखान्यामागं मातीची खाण आहे.
कारखाना बंद पडला, खाण राहिली,
तांबडी दरड, किती छर्रे गिळले तरी गप्प.
तिथं जातो आम्ही. तो, मी,
बेकरीतला खाकी कागद, सुतळी, कोळसा.
पंधरा इंच सुतळी ताणून मी वर्तुळ काढतो.
मधली मान तो स्वतः काढतो,
रानकोंबड्याची, तुऱ्यासकट.
मानेखालचं अंग त्यानं कधीच काढलं नाही.

चाळीस मोज. तुझी नव्हं, माझी पावलं.

उजवी नळी सैल, डावी तोंडाशी आवळलेली.
उजवीत सहा नंबर.
बार होतो, आणि खाणीतल्या पाण्यावरचा बगळा
न घाबरता, नुसता कंटाळून उठतो.
डावीत चार नंबर. खांद्याला हात लावून तो
थोडा वेळ खालीच बसतो.

मी भोकं मोजतो. प्रत्येकाला कोळशाची टिक.
कुठं मोजूलायस? रेघेवरचं धरू नको की.
सहा नंबर: आत एकशे चार, मानेत दोन.
चार नंबर: आत एकशे एकोणीस, मानेत पाच.
काका हूं म्हणतो. लिहून ठेवत नाही.
कागद उन्हाकडं धरतो
आणि उजवा तळवा त्यावर सरकवत शोधतो
तळव्याखाली एकही भोक नाही
अशी जागा.
सापडली की माझा हात ओढून तिथं ठेवतो.
ही बघ. इथनं जातो तो.

ब्याऐंशी साली हेम्माडग्याच्या वाटेवर
असाच एक गेला म्हणे, अगदी समोरून,
पंखाचा वारा तोंडावर देऊन.
त्यानंतर काकानं कशावरच बार काढला नाही.
जावई फॉरेस्टात गार्ड आहे.
डुक्करं आली तर तेलाचा डबा बडवतो,
बंदूक खुंटीवर.

मग हे कशाला, मी एकदा विचारलं.
नळीत चिंधी फिरवत तो म्हणाला,
आपलं हत्यार किती विस्कटतं
ते म्हाईत असावं.

गुडघा गेलाय त्याचा.
चाळीस पावलं दर साली जवळ येतात,
मी बोलत नाही.
यंदा माझ्या पावलांनी ती एकतीस भरली.
कागद चाळणीसारखा झाला,
मान अशी उरलीच नाही.
शाबास म्हणणार होतो मी.
पण तो तळवा फिरवत राहिला,
वर, खाली, तुऱ्याच्या बाजूला, पुन्हा वर.
बोटं जवळ घेतली, मूठ करून बघितली.
कुठंच बसेना.

मग कागद माझ्याकडं देऊन
काठी टेकत, पाठ न वळवता,
दरडीपासून मागं मागं जायला लागला.
दुसरा लाव, म्हणाला.
आणि आता तू मोज.
तुझी पावलं.