मापाची वही

आजीच्या टेपचे पहिले दोन इंच झिजून गेले होते.
ती दोनाच्या काळ्या रेघेपासून मापायची
आणि तोंडात टाचण्या धरून
मनातल्या मनात दोन वजा करायची.
चुकली नाही कधी.
दत्तूमामाने पहिल्या पगारात नवी टेप आणली,
ती अजून बिस्किटांच्या डब्यात आहे,
बटणांखाली, कागदासकट.

कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या
सगळ्या बायका तिच्या वहीत आहेत.
"कदम, तळमजला. बाही कोपरापर्यंत, सासू आलीय."
"रोझलिन. मागचा गळा खोल. नवऱ्याला विचारलंय म्हणते."
"पेडणेकरीण, उधारी साडेचार रुपये."
आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने:
"त्यांची कंपनी बंद. मागू नये."

आजोबा गेले त्या महिन्याचं पान जवळजवळ कोरं.
वर दोन शब्द, "काम बंद."
खाली वेगळ्या शाईत,
"फी भरणे – दत्तू, हेमा, पप्या.
काम सुरू."
मधल्या रिकाम्या जागेत किती दिवस गेले
ते तिने कुठे लिहिलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

थोडं पुढे आई सापडते.
"हेमा. तेहेतीस. लग्नाचे तीन, अस्तर लावून."
मग काही पानांनंतर,
"हेमा. सातवा लागला. कमरेला नाडी घालणे."
तो सातवा म्हणजे मी.
जन्मदाखल्याच्या आधीची माझी नोंद ही,
शेजारी मशीनच्या तेलाचा डाग.

नव्वदीनंतर डोळे गेले,
पायमशीनवर टीव्ही चढला.
तरी कुणी भेटायला आलं की
दोन्ही हात खांद्यांवर ठेवायची, अंगठे सरकवायची,
म्हणायची, "साडेतेरा.
जेवत नाहीस ना गं नीट?"
नाव विसरायची. माप नाही.
पेडणेकरांची नात अमेरिकेहून आली होती,
तिला म्हणाली, "तुझ्या आजीची पाठ आहे ही."
पोरगी रडायलाच लागली.

शेवटच्या वेळी दवाखान्यात नेली
तर फॉर्मवर रकाना होता, उंची.
मामाने आईकडे पाहिलं,
आईने पप्यामामाकडे.
नर्स पेन धरून उभी.
चौथ्या दिवशी आजी गेली.
तो रकाना तसाच.

मी वही तीनदा चाळली.
त्यात ती नाही.
स्वतःचं पोलकं ती अंदाजाने बेतायची,
कुणाकुणाचे उरलेले तुकडे जोडून,
पाठ कदमांची, बाही रोझलिनची.
"पदराखाली कोण बघतंय," म्हणायची,
आणि आम्ही खरंच बघितलं नव्हतं.

परवा कपाट आवरताना
माझं बारावीच्या निरोपाचं पोलकं मिळालं.
तिने शिवलेलं शेवटचं.
चढवलं, तर काखेत अडकलं.
तेव्हा ती म्हणाली होती, "माया ठेवलीय दोन्हीकडे.
लागेल तेव्हा उसव."
मला तेव्हा घाई होती, बस धरायची होती.

तिच्याच पात्याने टाके काढले.
बाहेरचा मोरपंखी केव्हाच विटलेला;
आत, शिवणीत, दीड दीड बोटं कापड
दुमडून ठेवलेलं,
मंगळदास मार्केटातून आणलं त्या दिवसाच्या रंगाचं.

आरशासमोर उभी राहते.
दोनाच्या काळ्या रेघेपासून टेप लावते,
आकडा वाचते,
वहीत लिहिते,
आणि वजा करायचं विसरते.