दशी

फोनवर श्रावंती म्हणाली, "आधी दशी कर, बाबा."
मला ऐकू आलं ते आपलंच:
टॉवेलच्या काठाला लोंबणारा दोरा.
एकोणतीस वर्षं मागावर काढली,
दशी कापायची असते गं, करायची नसते,
म्हणालो, तर ती हसली
साडेतीन तास पुढच्या तिच्या रात्रीत,
हळूच, भिंतीपलीकडे कुणी निजलेलं असावं.

दशी म्हणजे पाणी.
त्यात समुद्रातली एक काळी पट्टी भिजत घालायची
आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्यायची.
पट्टी तिनंच पाठवलेली, चपलेच्या वादीसारखी,
वर पांढरी बुकटी. धुऊ नको, म्हणाली, तीच चव.
माशाचा कीस संपला तेव्हा
मंगळवार बाजारातून सुकट आणली,
डोकी खुडली, कोरडीच परतली.
समोरच्या नरसम्मानं खिडकी लावून घेतली.

तांदूळ सहा पाण्यांनी धू, म्हणाली.
सहा!
आमचा नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही पहाटे तीनला, चोरासारखा.
मी तिसऱ्या पाण्यावर थांबलो.
ते पांढरं पाणी बोटांत चोळून पाहिलं:
खळ.
वडील सुताला लावायचे तीच, अंगणभर ताणा पसरून.
मग ओतवेना.
पंचा बुडवून दोरीवर टाकला,
बेचाळीस डिग्रीत अर्ध्या तासात पुठ्ठा झाला.

अंड्याची गुंडाळी मात्र पहिल्याच आठवड्यात जमली.
चौकोनी तवा साखर पेठेतल्या पत्रेवाल्याकडून करून घेतला.
कशाचा साचा, त्यानं विचारलं.
अंड्याचा, म्हटलं. तो पुढं काही बोलला नाही.
पातळ थर, जरा आळला की गुंडाळ,
मागं सरकव, पुन्हा थर, पुन्हा गुंडाळ.
हे तू मला शिकवतेस?
रोलवर कापड चढतं ते असंच.
हात मला न विचारता करत गेले.

खरं सांगू?
अंबू गेल्यावर मी एकदा आमटी केली होती.
काळं तिखट तिचंच, बरणीच्या तळाशी उरलेलं,
चिंच तीच, शेंगदाण्याचं कूटही तेच.
एक घास घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.
काहीतरी चुकलं होतं,
आणि काय चुकलं ते सांगणारी
हार घालून भिंतीवर.
हे जपानी पाणी तिनं कधी चाखलं नव्हतं.
इथं मी कितीही बिघडवलं
तरी तिच्यापेक्षा वाईट होत नाही.
श्रावंतीला हे बोललेलो नाही.

मिसोचा गोळा गाळणीतून उतरवतो, गॅस बंद करून.
हळद घालायची राहिलेल्या पिठल्यासारखं दिसतं,
ढग तळाशी बसतात, चमचा फिरवला की उठतात.
परवा नरसम्मा आलीच शेवटी,
रोज कशाचा वास येतो म्हणून.
वाटीभर दिलं. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
"उप्पू," म्हणाली, आणि घरी गेली.
वाटलं, संपलं.
तर कडक भाकरी घेऊन परत आली,
वाटीत चुरली, मऊ पडेस्तोवर थांबली,
मग तळ दिसेपर्यंत खाल्लं.
दुसरी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

रात्री फोन. "काय बाबा, दशी जमली?"
म्हटलं, मागावरून कापड उतरवताना
शेवटची वीतभर दशी आम्ही फणीतच ठेवतो.
नवा ताणा तिलाच सांधायचा असतो,
एकेक दोरा, एकेक गाठ.
"म्हणजे जमली ना?"
मीठ जरा जास्त झालं, म्हटलं.