सीटखालची कळ

उदगीरच्या कॉलेजचं ग्राउंड
आणि मधोमध बंद पडलेला तो लाल ट्रॅक्टर.
लाल म्हणायचं आपलं.
बुटका, बसून गवत कापायचा,
पोटाखाली लोखंडी परात उपडी, परातीत दोन पाती.
पोरं त्याला कासव म्हणतात.

महानंदा म्हणाली, खय्यूमचाचा,
हे मला वळखत नाही.
वीस पावलं चालतं, खड्डा आला की मरतं.
बाबा होते तवर असं कधी केलं नाही.

मी म्हटलं, मशीन नातं बघत नाही बाई,
पेट्रोल बघतं.

आधी टाकी. तळाला दिवाळीचं पेट्रोल, वार्निशच्या वासाचं.
ओतून दिलं.
कार्बोरेटरच्या जेटात पिवळी साय,
ती काढली तांब्याच्या एकाच केसाने
(वायंडिंगच्या दुकानाचा हा एक फायदा).
प्लग घासला. ठिणगी निळी, चांगली.
पंख्याच्या टोपणाखाली उंदराने घर केलेलं:
हराळी, सुतळी, निकालाच्या कागदाचे तुकडे,
बी. ए. दुसरं वर्ष, बहुतेक नापास.
सगळं उपसलं.
सुरू झाला. चालला.
गोलपोस्टापाशी मेला.

दुसऱ्या दिवशी परात उतरवली.
आत काळी माती आणि गवत, थरावर थर,
खुरपं वाकलं पण थर हलेना.
डावं बेअरिंग जात्यासारखं घरघरत होतं, नवं ठोकलं.
पट्ट्याला आतून चिरा. बदलला.
पातं भिंतीतल्या खिळ्याला मध्यावर अडकवलं,
ते एका अंगाला झुकलं;
जड अंग घासत गेलो, घासत गेलो,
तेव्हा कुठे तराजूच्या दांडीसारखं आडवं राहिलं.
मग चारी कोपऱ्यांखाली काडेपेटी सरकवून उंची जुळवली.
आता गवत एकसारखं पडू लागलं,
न्हाव्याने मशीन फिरवावं तसं.
वीस पावलं.
मग परत तेच.

ती चहा आणायला गेली तेव्हा मी स्वतः बसलो.
नव्वद किलोचा मी. तीन फेऱ्या मारल्या,
मुद्दाम खड्ड्यांतून.
कासव हूं की चूं न करता चालत राहिलं.

ती आली. बसली.
खड्डा.
बंद.

तेव्हा सीट उलटली.
स्पंजमध्ये एकोणीस वर्षांचा मल्लिनाथ खोल बसलेला,
एकशे पाच किलोंचा, दोन वाट्या कोरून.
खाली एक काळी कळ, तिच्यावर स्प्रिंग.
वर वजन असेल तर इंजिन चालतं.
महानंदा बेचाळीस किलोंची.
खड्ड्यात ती बोटभर वर उडते
आणि मशीन समजतं, माणूस पडला.

म्हटलं, दोन वायरी पिळून देतो, दोन मिनिटांचं काम.
कळच नको.

तिने चहाचा कप बॉनेटवर ठेवला.
नको चाचा.
बाबा छातीला हात लावून खाली कलंडले ना,
तेव्हा ते पात्यापासून वीतभर होते.
हे आपोआप थांबलं होतं.

मी पक्कड खिशात घातली.

सायकलच्या ट्यूबच्या दोन चकत्या कापल्या, कळीवर बसवल्या.
स्प्रिंग नरम घातली.
तिला बसवलं, उठवलं, परत बसवलं,
बसली की चालू, उठली की बंद.
स्पंजाचं काय करू, विचारायला जीभ उचलेना.
तीच म्हणाली, बदला.
माझ्या मापाचा टाका.

ऑफिसच्या बिलात एक रकाना असतो, दोष काय होता.
बेअरिंग लिहिलं, पट्टा लिहिला,
तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.
क्लार्क म्हणाला, लिवा ना काहीतरी.
सीट सैल, असं लिहून दिलं.

आता दुपारी दुकानात मोटर भरताना
पलीकडून कासवाचा आवाज येतो.
गोलपोस्टाजवळ तो जरा बसतो, घोगरा होतो.
त्या वेळी माझ्या हातातली तार थांबते.
मग आवाज उठतो
आणि मी वेढे परत पहिल्यापासून मोजतो.